विश्लेषण : क्लाऊडसाठी नेटवर्क सज्ज करायचे म्हणजे नेमके काय? बीकेसी-कुर्ला रस्त्यावरच्या खोदकामाने काय शिकवले?

सर्व्हर क्लाऊडवर नेणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते तिथपर्यंतचे नेटवर्क. व्हर्च्युअलायझेशन आणि ऑटोमेशन यांनी ते सोपे केले, पण उपनगरांतल्या खोदलेल्या रस्त्यांपासून त्यांनाही सुटका नाही.

२४ फेब्रुवारी २०२१. बुधवारचा दिवस. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरील म्हणजे एनएसईवरील सर्व व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, म्हणजे बाजार रोज बंद होतो त्या वेळेनंतर, आणि पाच वाजेपर्यंत चालले. मधले चार तास देशातील सर्वात मोठा शेअर बाजार ठप्प होता. बीएसई मात्र सुरू होता. दिवसभराचा सौदा त्याच दिवशी मिटवणाऱ्या अनेक गुंतवणूकदारांचे व्यवहार ब्रोकरनी बीएसईवर मिळेल त्या भावात बंद केले आणि त्यांना तोटा सोसावा लागला. एनएसई पुन्हा सुरू होईल, हे कळले तोवर उशीर झाला होता.

हा सायबर हल्ला नव्हता. सर्व्हर कमी पडले असेही नव्हते. मग काय बिघडले होते?

एनएसईमध्ये त्या दिवशी काय घडले?

एनएसईचे मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जवळच कुर्ल्यात त्याचे दुसरे केंद्र आहे आणि आपत्कालीन पर्याय म्हणून तिसरे चेन्नईत. बीकेसीत झालेली प्रत्येक नोंद त्याच क्षणी कुर्ल्यातही लिहिली जाते. त्यासाठी दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या घेतलेल्या होत्या. कागदावर सारे चोख होते. एक कंपनी बंद पडली तर दुसरी आहेच.

प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या एकाच वेळी डळमळल्या. एनएसईने नंतर दिलेल्या खुलाशानुसार या दोन केंद्रांमधील रस्त्यावर सुरू असलेले खोदकाम आणि बांधकाम हे त्याचे मुख्य कारण होते. जोडणी तुटल्यावर माहिती साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि मुख्य केंद्रातील सर्व्हरनाच ती दिसेनाशी झाली. त्यामुळे क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन प्रणाली बंद पडली. जोखीम मोजता येत नसेल तर सौदे चालू ठेवणे धोक्याचे, म्हणून बाजार थांबवावा लागला. चेन्नईतील केंद्राकडे व्यवहार का वळवले नाहीत, याचा जाब नंतर ‘सेबी’ने विचारला.

म्हणजे कंपन्या दोन होत्या, बिले दोन येत होती, नकाशावर रेषाही दोन होत्या. पण रस्ता एकच होता. क्लाऊडसाठी नेटवर्क तयार करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आधी वाचायला हवे.

दुसरे केंद्र इतके जवळ का ठेवतात?

याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटरवर जाऊन परत यायला साधारण एक मिलिसेकंद. मुंबई ते चेन्नई हवाई अंतर सुमारे हजार किलोमीटर. केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे तिथे जाऊन येण्यास दहा मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. माणसाला तो जाणवणारही नाही. पण प्रत्येक सौद्याची नोंद दोन्हीकडे झाल्याशिवाय पुढे जायचेच नाही, असा नियम असेल तर सेकंदाला हजारो सौदे हाताळणाऱ्या यंत्रणेसाठी तो फार मोठा असतो. त्यामुळे एक प्रत जवळ आणि एक दूर ठेवली जाते. जवळची प्रत वेगासाठी आणि दूरची भूकंप, पूर, वीजसंकटासाठी.

क्लाऊड कंपन्यांची रचना याच तत्त्वावर आहे. एका ‘रिजन’मध्ये काही ‘झोन’ असतात. ते एकमेकांपासून पुरेसे दूर असतात, म्हणजे एका ठिकाणची आग किंवा वीजबिघाड दुसरीकडे पोहोचत नाही. आणि पुरेसे जवळही असतात, म्हणजे माहिती वेळेत पोहोचते.

मग क्लाऊड मुंबईत नेमका कुठे आहे?

नाव ढगाचे असले तरी तो जमिनीवरच असतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथून क्लाऊड सेवा सुरू केली. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचे मुंबई रिजन जून २०१६ मध्ये आले आणि गुगलचे २०१७ मध्ये. या कंपन्या आपल्या इमारतींचे पत्ते सहसा जाहीर करत नाहीत. मात्र या व्यवसायाचा भूगोल लपत नाही. अंधेरी पूर्वेला लागून असलेल्या चांदिवलीत एनटीटीचा डेटा सेंटर परिसर आहे. जीपीएक्स या कंपनीची मुंबईतील दोन केंद्रे २०२१ मध्ये इक्विनिक्सने घेतली, तीही याच भागातली. ठाणे खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आणि पनवेलमध्ये मोठमोठी केंद्रे उभी राहिली आहेत.

हे सारे मुंबईतच का? कारण समुद्र. जगाशी जोडणाऱ्या सागरी केबलपैकी अनेक केबल अंधेरी पश्चिमेच्या वर्सोवा किनाऱ्यावर जमिनीवर येतात. ‘ट्राय’च्या माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस देशात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल आणि त्यांची १४ अवतरण केंद्रे होती. मुंबईचा वाटा त्यात मोठा. शिवाय बँका, शेअर बाजार आणि विमा कंपन्या हे मोठे ग्राहक याच शहरात आहेत. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटची माहिती देशातच साठवणे बंधनकारक केले आणि देशी डेटा सेंटरची गरज आणखी वाढली.

पण हेच शहर २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झेलून बसले आहे. तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेतला. बीकेसी मिठी नदीच्या काठावर आहे, हेही विसरून चालणार नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीड बिघाडामुळे मुंबई महानगरातील वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. शेअर बाजार मात्र चालू राहिले, कारण जनरेटर आणि बॅटऱ्या तयार होत्या. विजेचा पर्याय या शहराने शिकून घेतला आहे. नेटवर्कच्या पर्यायाचा धडा अजून पूर्ण झालेला नाही.

जुने नेटवर्क क्लाऊडला का पुरत नाही?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या कंपनीचे नेटवर्क आठवून पाहावे. मुख्य कार्यालय अंधेरीत आणि शाखा बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला. सर्व शाखा भाड्याच्या लाइनने अंधेरीला जोडलेल्या. सर्व्हर तिथेच, फायरवॉल तिथेच. शाखेतला संगणक जे काही मागेल ते अंधेरीतून. सर्व्हर अंधेरीत होते तोवर ही रचना योग्यच होती.

आता सर्व्हर क्लाऊडवर गेले, ईमेल क्लाऊडवर गेला, हिशेबाचे सॉफ्टवेअरही गेले. तरी बोरिवलीच्या शाखेतली प्रत्येक विनंती आधी अंधेरीला येते, तिथल्या फायरवॉलमधून बाहेर पडते, क्लाऊडवर जाते आणि उत्तर पुन्हा अंधेरीमार्गे बोरिवलीला पोहोचते. बोरिवलीहून दहिसरला जायला आधी अंधेरी गाठण्यासारखा हा प्रकार. व्हिडीओ बैठक अडखळते, तक्रारी वाढतात आणि दोष क्लाऊडवर जातो.

दुसरी अडचण वेगाची. क्लाऊडवर नवा सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो. पण त्याला कोणता पत्ता द्यायचा, कोणत्या विभागात ठेवायचे, कोणाला त्याच्याशी बोलू द्यायचे, हे नेटवर्कवाला स्विच आणि फायरवॉलवर हाताने आज्ञा टंकून ठरवत असेल तर त्यात दिवस जातात. आधी अर्ज, मग मंजुरी, मग रात्रीची ‘चेंज विंडो’. सर्व्हर तयार आणि रस्ता नाही, अशी अवस्था.

तिसरी अडचण आकड्यांची. एकाच नेटवर्कचे वेगवेगळे आभासी भाग पाडण्यासाठी वर्षानुवर्षे ‘व्हीलॅन’ वापरले जाते. त्याला क्रमांक देण्यासाठी बारा बिट राखीव आहेत. म्हणजे फार तर ४०९६ क्रमांक, त्यातले वापरता येतात ४०९४. एका कंपनीला ते भरपूर. हजारो ग्राहकांना एकाच छताखाली वेगळे ठेवायचे असेल, तर अपुरे.

व्हर्च्युअलायझेशनने काय बदलले?

एका यंत्रात अनेक यंत्रे असल्याचा आभास निर्माण करणे, ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी ती १९७२ मध्येच बाजारात आणली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती साध्या सर्व्हरवर रुळवली. एका सर्व्हरवर दहा-वीस आभासी सर्व्हर, आणि चालू असतानाच त्यांना एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय. इथेच नेटवर्कची पंचाईत झाली. सर्व्हर हलला, पण त्याचे नियम जुन्या स्विचच्या पोर्टवरच राहिले.

त्यावर तीन उपाय आले.

पहिला, पाकिटात पाकीट. मूळ संदेश जसाच्या तसा दुसऱ्या पाकिटात घालून पाठवायचा. खालच्या खऱ्या नेटवर्कला फक्त बाहेरचा पत्ता दिसतो, आतले आभासी नेटवर्क त्यावर स्वतंत्र चालते. ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘व्हीएक्सलॅन’ हा असाच मार्ग. त्यात क्रमांकासाठी चोवीस बिट आहेत. म्हणजे ४०९६ ऐवजी सुमारे १ कोटी ६७ लाख विभाग शक्य झाले. सर्व्हर कुठेही हलला तरी त्याचा विभाग त्याच्यासोबत जातो.

दुसरा, डोके वेगळे आणि हात वेगळे. पूर्वी प्रत्येक स्विच आणि राउटर आपला मार्ग स्वतः ठरवत असे. जणू प्रत्येक फाट्यावर पॉइंट्समन बसला आहे आणि तो शेजारच्या स्थानकाला विचारून गाडी सोडतो आहे. त्याऐवजी सगळे फाटे एका नियंत्रण कक्षातून हलवले तर? ‘सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग’ म्हणजे एसडीएनची कल्पना हीच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००८ च्या सुमारास ‘ओपनफ्लो’च्या संशोधनातून तिला आकार आला आणि काही वर्षांतच गुगलने आपली डेटा सेंटर जोडणारे नेटवर्क या पद्धतीने चालवून दाखवले.

तिसरा, खोके जाऊन सॉफ्टवेअर. फायरवॉल, लोड बॅलन्सर, राउटर यांसाठी वेगवेगळी यंत्रे विकत घेण्याऐवजी तीच कामे साध्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअरने करायची. ऑक्टोबर २०१२ मध्ये जगातील मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी एकत्र येऊन या विचाराची मांडणी केली. त्यालाच ‘एनएफव्ही’ म्हणतात. आज ५जी सेवेच्या गाभ्याचे कामही बरेचसे असेच चालते.

शाखांसाठी याच विचाराचे रूप म्हणजे एसडी-वॅन. बोरिवलीच्या शाखेत एक छोटे उपकरण असते. त्याला दोन जोडण्या, एक फायबर आणि एक मोबाइल. बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाणारी वाहतूक सुरक्षित बोगद्यातून मुख्यालयाला आणि क्लाऊडवरच्या ईमेलची थेट क्लाऊडला. अंधेरीचा वळसा संपतो. एक जोडणी मंदावली तर वाहतूक आपोआप दुसरीवर जाते.

ऑटोमेशन कशासाठी?

समजा, चाळीस शाखांच्या एका सहकारी बँकेला प्रत्येक शाखेच्या फायरवॉलवर एक नवा नियम घालायचा आहे. एका शाखेला वीस मिनिटे धरली तरी ८०० मिनिटे, म्हणजे तेरा तास वीस मिनिटे. हे काम रात्री करायचे तर दोन-तीन रात्री. तिसऱ्या रात्री दोन वाजता, सदतिसाव्या शाखेत एक आकडा चुकतो. ती चूक सहा महिन्यांनी कळते, तेही काहीतरी बंद पडल्यावर.

ऑटोमेशनमध्ये अभियंता आज्ञा टंकत नाही. नेटवर्क कसे असायला हवे, ते एका फायलीत लिहितो. ‘अन्सिबल’ किंवा ‘टेराफॉर्म’सारखे साधन ती फाईल वाचते, प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहते आणि फरक असेल तेवढाच बदल करते. फायलीच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद राहते. कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसते. बदल लागू होण्यापूर्वी दुसरा सहकारी तो तपासतो. बिघडले तर मागची आवृत्ती परत आणता येते. याला ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड’ म्हणतात.

पण यातला सर्वात कठीण टप्पा साधन निवडण्याचा नाही. तो आहे खरी यादी करण्याचा. कोणती उपकरणे कुठे आहेत, कोणाचा पत्ता काय, कोणती केबल कुठे जाते. अनेक संस्थांमध्ये ही यादी एखाद्या जुन्या एक्सेल फायलीत आणि उरलेली एखाद्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की नेटवर्कची निम्मी ओळख त्याच्यासोबत जाते. चुकीच्या यादीवर चालवलेले ऑटोमेशन चुकीचेच नेटवर्क उभारते, फक्त जास्त वेगाने.

मग ऑटोमेशन चुकले तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी गायब झाले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीने नंतर कारण सांगितले. नेहमीच्या देखभालीत नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिने जगभरातील डेटा सेंटर जोडणाऱ्या साऱ्या वाहिन्या बंद केल्या. अशी घातक आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी साधन होते. त्यातच दोष होता. दुरुस्तीची साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया रिजनमध्ये मोठा बिघाड झाला आणि जगभरातील अनेक ॲप अडखळली. मूळ कारण डीएनएस नोंदी आपोआप सांभाळणाऱ्या प्रणालीत होते. तिचे दोन स्वतंत्र भाग एकाच वेळी काम करत असताना एकाच्या जुन्या योजनेने दुसऱ्याच्या नव्या योजनेवर कुरघोडी केली, मग साफसफाईत ती योजनाच पुसली गेली आणि एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ता रिकामा राहिला. आपोआप चालणारी प्रणाली तो दुरुस्त करू शकली नाही. शेवटी माणसांना हात घालावा लागला.

दोन्ही प्रकरणांचा अर्थ ऑटोमेशन नको असा नाही. हाताने काम करणारा अभियंता एका वेळी एक शाखा बिघडवतो, ऑटोमेशन सगळ्या एकदम बिघडवू शकते. त्यामुळे बदल आधी एका शाखेत, मग पाचांत, मग सर्वत्र, असा टप्प्याटप्प्याने लागू करणे, मध्येच थांबवण्याची कळ ठेवणे आणि मुख्य नेटवर्क बंद असतानाही आत शिरता येईल असा वेगळा मार्ग राखणे हे चैनीचे नव्हे, गरजेचे आहे.

क्लाऊड म्हणजे अमर्याद क्षमता, हे खरे का?

पूर्णपणे नाही. सर्व्हर वाढवता आले तरी सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी लिहून ठेवलेली मर्यादा आपोआप वाढत नाही. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी अंधेरी पूर्वेत मुख्यालय असलेल्या एमसीएक्स या वस्तू बाजाराचे व्यवहार सकाळी सुरूच होऊ शकले नाहीत. चार तासांहून अधिक काळानंतर, दुपारी दीडच्या सुमारास ते सुरू झाले. ग्राहकांच्या स्वतंत्र सांकेतांकांसारख्या संदर्भ माहितीसाठी प्रणालीत आधीच ठरवून ठेवलेली मर्यादा हे कारण एक्स्चेंजने नंतर स्पष्ट केले.

नेटवर्कमध्येही अशा मर्यादा असतात. एका फायरवॉलवर किती जोडण्या, एका विभागात किती पत्ते, एका खात्यावर किती मार्ग. क्लाऊडवर जाण्यापूर्वी अशा प्रत्येक मर्यादेची नोंद करणे आणि ती जवळ आली की इशारा मिळेल अशी सोय करणे हे ऑटोमेशनचे कमी बोलले जाणारे, पण फार उपयोगी काम आहे.

आभासी दोन, खरा एक. यावर उपाय काय?

इथे पुन्हा बीकेसी-कुर्ला रस्ता आठवावा लागतो. व्हर्च्युअलायझेशनचा गुण हा की खालचे खरे नेटवर्क दिसेनासे होते. तोच त्याचा दोष. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दोन हिरव्या रेषा दिसतात. त्या एकाच चरातून, एकाच पुलाखालून जातात हे पडदा सांगत नाही, कारण ते त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

उपनगरांत हा धोका रोजचा आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड या पट्ट्यात मेट्रो ४ चे काम वर्षानुवर्षे सुरू आहे. महापालिकेच्या रस्ते काँक्रिटीकरणाने गेल्या काही वर्षांत अंधेरी ते बोरिवली गल्लीबोळ उकरले गेले. गॅस, पाणी, वीज आणि मलनिस्सारण यांचे चर वेगळेच. खोदणाऱ्याला खाली काय आहे ते कळावे यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. समन्वयाविना होणाऱ्या खोदकामाने देशाचे दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. ॲप आले, पण जेसीबी चालवणाऱ्यापर्यंत ही माहिती कामाच्या आधी पोहोचली तरच त्याचा उपयोग.

म्हणून जोडणी घेताना दोन कंपन्या एवढे पुरेसे नाही. दोन मार्ग हवेत. केबल इमारतीत कोणत्या बाजूने येते, कोणत्या रस्त्याने जाते, कोणत्या एक्स्चेंजला मिळते, हे कंपनीकडून लेखी घेतले पाहिजे. त्या मार्गात बदल केल्यास कळवण्याची अट करारात हवी. कारण काम सुरू असताना कंपन्या केबल तात्पुरती वळवतात आणि ‘तात्पुरती’ या शब्दाला मुंबईत मुदत नसते.

नियामक काय सांगतात?

एनएसई प्रकरणानंतर महिनाभरात, मार्च २०२१ मध्ये, सेबीने शेअर बाजार व क्लिअरिंग संस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास तीस मिनिटांत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे. इतक्या कमी वेळात माणसांनी हाताने शेकडो आज्ञा देऊन स्थलांतर करणे कठीण. या नियमात ऑटोमेशन हा शब्द नसला तरी त्याच्याशिवाय तो पाळणे अवघड आहे.

मार्च २०२३ मध्ये सेबीने आपल्या अखत्यारीतील संस्थांसाठी क्लाऊड वापराची चौकट आणली. एप्रिल २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश दिले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. दोन्हींचे सार एकच. काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. क्लाऊड कंपनीकडे बोट दाखवून बँकेला सुटता येणार नाही.

छोट्या व्यावसायिकांनी काय करावे?

अंधेरी एमआयडीसीतला कारखाना, मुलुंडचा दवाखाना, घाटकोपरचा व्यापारी, बोरिवलीचा सीए. या सर्वांचे बिलिंग, नोंदी आणि हिशेब आता क्लाऊडवर आहेत. त्यांना एसडीएनची गरज नाही, पण पाच गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

एक, दोन इंटरनेट जोडण्या घेताना त्या एकाच खांबावरून किंवा एकाच स्थानिक केबलवाल्याकडून येत नाहीत ना, हे गच्चीवर जाऊन पाहावे. शंका असेल तर दुसरी जोडणी मोबाइलची घ्यावी. दोन, संगणकाला यूपीएस असतो, पण राउटर आणि फायबरच्या खोक्याला नसतो. त्यांनाही द्यावा. तीन, राउटरच्या सेटिंगची प्रत आणि पासवर्ड सुरक्षित ठेवावा, ते ‘नेटवाल्या मुलाला माहीत आहे’ एवढ्यावर सोडू नये. चार, पाहुण्यांचे वायफाय आणि बिलिंगचे संगणक वेगळ्या विभागात ठेवावेत. बहुतेक साध्या राउटरमध्ये ही सोय असते, आणि तेही छोटेसे व्हर्च्युअलायझेशनच. पाच, महिन्यातून एकदा मुख्य केबल मुद्दाम काढून पाहावी. दुसरी जोडणी चालते का, हे बिघाडाच्या दिवशी कळणे सर्वात महाग पडते.

मनुष्यबळाचे काय?

ऑटोमेशन आले की नोकऱ्या जाणार, ही भीती नेटवर्क क्षेत्रातही आहे. आज्ञा पाठ असणे हे पूर्वी या कामाचे भांडवल होते. त्याची किंमत घटते आहे, हे खरे. पण एनएसईच्या प्रकरणात कोणतीही स्क्रिप्ट सांगू शकली नसती की दोन केबल एकाच रस्त्याखाली आहेत. ते ठाऊक असते फायबर जोडणाऱ्या तंत्रज्ञाला, रस्त्यावर उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाला. त्याची माहिती आणि पायथन लिहिणाऱ्या अभियंत्याची फाईल या दोन्ही एका ठिकाणी आल्या, तरच नेटवर्क खऱ्या अर्थाने तयार झाले म्हणता येईल. आज बहुतेक संस्थांमध्ये हे दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. एक कंत्राटदाराचा माणूस, दुसरा कंपनीचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार प्रथमच महिन्याला २००० कोटींवर गेले. घाटकोपर स्थानकाबाहेर वडापावचे पंधरा-वीस रुपये देताना ग्राहक क्लाऊडचा विचार करत नाही आणि त्याने करावा अशी अपेक्षाही नाही. तो विचार ज्यांनी करायचा, त्यांनी क्लाऊडचा करार करताना एकदा खाली रस्त्यावर उतरून पाहिले पाहिजे. २४ फेब्रुवारी २०२१ च्या त्या चार तासांचे मूळ तिथेच होते, डांबराखाली.